चित्रकलेची घरबसल्या कार्यशाळा : स्वस्त काय, दुर्मिळ काय?

चित्रकला महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या प्रात्यक्षिक कार्यशाळा घेण्याची प्रथा करोनाच्या साथीनंतर चांगलीच रुळली आहे. मोबाइलच्या पडद्यावर शिक्षक रेखाटन करून दाखवितात, विद्यार्थी आपल्या घरी कागदावर ते करून पाहतो आणि त्या कागदाचे छायाचित्र काढून पाठवितो. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला ही एक जादा सोय आहे. वसमतसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापुढे मात्र बहुधा दुसरा मार्गच नसतो. म्हणून या कार्यशाळांकडे केवळ नवलाई म्हणून पाहून चालणार नाही. हा शिक्षणाच्या अर्थकारणाचाही प्रश्न आहे.

वसमतची ओळख हळदीच्या बाजारपेठेची आणि पूर्णा सहकारी साखर कारखान्याची. मराठवाड्यातील शासकीय चित्रकला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. नागपूर आणि मुंबई त्याहूनही दूर. मुंबईच्या ज्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली आणि जिला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तिचे नाव वसमतच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तेथे पोहोचण्याची तयारी कशी करावी, हे हाताला धरून सांगणारा माणूस मात्र त्याला भेटत नाही. इतिहासातील एक विसंगती येथे आठवते. १८७२ ते १८८५ या काळात याच कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्यास येऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्या वेळी मुंबई शिकण्यासाठी मराठवाड्यात येत होती. आज मराठवाड्याचा विद्यार्थी पडद्यातून मुंबईकडे पाहतो आहे.

या विद्यार्थ्याला तयारी तरी कशाची करावयाची असते? शाळेत असताना तो एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतो. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांपुरतेच त्यांचे महत्त्व मानणारे पालक पुष्कळ आहेत. परंतु चित्रकलेचा पाया तेथेच घातला जातो. पुढे पदवीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्याशी त्याची पुन्हा गाठ पडते. शिवाय सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. यांपैकी सामान्यज्ञान पडद्यावरून उत्तम शिकविता येईल. रंगसंगतीची तत्त्वे, यथादर्शनाचे नियम, थोर चित्रकारांची ओळख हेही सांगता येईल. अडचण येते ती वस्तुचित्रापाशी.

समोर ठेवलेल्या तांब्याचा काठ गोल असतो. पण बसल्या जागेवरून तो लंबवर्तुळ दिसतो. ते लंबवर्तुळ किती चपटे काढावयाचे, हे पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरते. पडद्यावरील तांब्या कॅमेऱ्याने आधीच सपाट करून ठेवलेला असतो. तो पाहून काढणे म्हणजे चित्रावरून चित्र काढणे होय. त्यात हाताला वळण लागते, पण नजर तयार होत नाही. परत पाठविलेल्या छायाचित्राचेही तसेच. मोबाइल जरा तिरपा धरला की प्रमाण बिघडते, खोलीतील दिव्याने छटा बदलतात. शिवाय शिक्षकाला दिसतो तो पुरा झालेला कागद. विद्यार्थ्याने आरंभ कोठून केला, पेन्सिल हात लांब करून धरून माप घेतले की अंदाजाने रेषा ओढली, हे त्याला कळत नाही. आणि चूक तर बहुधा तेथेच झालेली असते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या शिकवणीत दोन वेगळ्या सेवा एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली सांगण्याची, दुसरी तपासण्याची. सांगणे दहा जणांना असो वा हजार जणांना, त्याचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. तपासण्याचे तसे नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावरील ग्रंथात दाखवून दिले की, कारखान्यातील श्रमाची उत्पादकता वाढत गेली तरी चौघांनी वाजवावयाची संगीतरचना वाजविण्यास चौघेच लागतात आणि वेळही तितकाच लागतो. चित्राचा कागद तपासण्याचेही असेच आहे. १८५७ मध्ये त्याला जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात दोन तासांत प्रत्येकाच्या वाट्यास दोन मिनिटे येतात, आणि तीही शिक्षकाने दुसरे काहीच केले नाही तर! तेव्हा शुल्क कमी ठेवावयाचे असेल, तर कात्री लागते ती तपासण्यालाच.

हा धोका आजचा नाही. अमेरिकेत १९४८ साली ख्यातनाम चित्रकारांच्या नावावर टपालाने चित्रकला शिकविणारी एक संस्था निघाली. नॉर्मन रॉकवेल यांच्यासारखे चित्रकार तिच्याशी निगडित होते. विद्यार्थ्याने पाठविलेल्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून शिक्षक त्यावर दुरुस्त्या रेखाटीत आणि तो परत पाठवीत. ही पद्धत आजही अनुकरणीय आहे. पुढे तिच्याच धर्तीवर निघालेल्या लेखनशाळेचे अंतरंग जेसिका मिटफर्ड यांनी १९७० साली उघड केले. शुल्काचा करार करून अभ्यास मध्येच सोडणाऱ्यांवरच या व्यवसायाचा नफा अवलंबून असतो, असे त्यांनी दाखविले. विद्यार्थी टिकला तर शिक्षकाचा वेळ खर्ची पडतो. गळाला तर पैसे शिल्लक राहतात. ज्या व्यवहारात विद्यार्थ्याचे अपयश संस्थेच्या फायद्याचे ठरते, त्या व्यवहाराकडे डोळे उघडे ठेवून पाहावयास हवे.

म्हणून या कार्यशाळा टाकाऊ आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वसमतच्या एखाद्या मुलीस मुंबईत खोली घेऊन राहणे परवडणारे नसते. घरची परवानगी हाही प्रश्न असतोच. तिला घरी बसून चांगल्या शिक्षकाचे रेखाटन पाहावयास मिळते, हा लाभ लहान नव्हे. प्रश्न इतकाच की, दुरून आलेल्या या ज्ञानाला जवळच्या नजरेची जोड कशी द्यावयाची?

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. तालुक्यातील एका शाळेचे सभागृह रविवारी उघडावे. तेथे चित्रफलक, तांब्या, फळे, घडी पडलेले वस्त्र अशी मांडणी असावी. सांगणे पडद्यावरून व्हावे. पण कागद पाहण्यास गावातलाच कलाशिक्षक मानधन देऊन उभा करावा. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक पट असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे म्हटलेच आहे. ती तरतूद मनापासून अमलात आणली, तर असा शिक्षक शोधीत फिरावे लागणार नाही. खासगी कार्यशाळांनीही आपल्या जाहिरातीत एका शिक्षकामागे विद्यार्थी किती आणि प्रत्येकाचे किती कागद तपासले जातील, हे दोन आकडे छापावेत. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तेच विचारावेत; प्रसिद्ध चित्रकाराचे नाव नंतर पाहावे.

हळदीच्या बाजारात पोते उघडून, कांडी मोडून पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. आपल्या मुलांच्या कागदाला तेवढी तरी नजर मिळावी, ही अपेक्षा जास्त नव्हे.