विश्लेषण : गावच्या सामन्याचा स्कोअर मोबाइलवर आला, पण तो पडताळणार कोण?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव असो की देवळी-सेलूकडचे एखादे खेडे, मुलांच्या क्रिकेट सामन्याचा स्कोअर आता मोबाइलवर लिहिला जातो. लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि पुण्यात नोकरीला असलेला मोठा भाऊ किंवा वावरात असलेले वडील पोराची खेळी चेंडूगणिक पाहतात. ही सोय मोठीच आहे. मात्र पूर्वी दोन वह्यांत होणारी नोंद आता एकाच फोनवर आली आहे आणि तिथेच खरी अडचण आहे.

हे ॲप चालते कसे?

अहमदाबादचे ‘क्रिकहिरोज’ हे अशा ॲपमधील सर्वाधिक परिचित नाव. सामना सुरू करताना दोन्ही संघांतील खेळाडू, नाणेफेक, सलामीचे फलंदाज आणि गोलंदाज भरायचे. त्यानंतर प्रत्येक चेंडूला धाव, वाइड, नो-बॉल, बाय किंवा बळी यांपैकी योग्य बटण दाबायचे. बेरीज, धावगती, गोलंदाजाचे पृथक्करण हे सगळे ॲप स्वतः करते. स्कोअर लिहिण्याचे काम मध्येच दुसऱ्याच्या फोनकडे सोपवता येते. सामना संपला की प्रत्येक खेळाडूची आकडेवारी त्याच्या नावावर जमा होते.

बेसबॉलचा याच्याशी काय संबंध?

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल सामन्यांत हेच काम ‘गेमचेंजर’सारखी ॲप करतात. स्कोअर बहुतेकदा एखादा पालकच लिहितो आणि बाकीचे पालक, दूरचे आजी-आजोबा तो फोनवर पाहतात. विशेष म्हणजे बेसबॉलच्या धावफलकाचे मूळ क्रिकेटमध्ये आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत क्रिकेटचे वार्तांकन करणारे हेन्री चॅडविक यांनी १८५९ च्या सुमारास क्रिकेटच्या धर्तीवर बेसबॉलचा धावफलक रूढ केला. फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ झाल्यावर ‘के’ हे अक्षर लिहिण्याची पद्धतही त्यांचीच. चेंडूगणिक लिहून ठेवल्याखेरीज खेळाडूचे मोल कळत नाही, हा विचार दोन्ही खेळांत समान आहे.

नोंदीला एवढे महत्त्व कशासाठी?

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. ही खेळी जगभर मान्य झाली, कारण १२९ चौकार आणि ५९ षटकार असा तिचा हिशेब लिहिलेला होता. तिने मोडलेला विक्रम इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा होता. त्याने १८९९ मध्ये नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. त्या आकड्यात वीसेक धावा इकडेतिकडे असू शकतील, असे त्या सामन्याच्या गुणलेखकानेच म्हटल्याचे सांगितले जाते. नोंद सैल असेल तर विक्रमालाही शंकेची किनार राहते, ती अशी.

वर्ध्याच्या मुलासाठी विक्रम दूरची गोष्ट. पण विदर्भ क्रिकेट संघटनेचे जामठ्याचे स्टेडियम नागपूर-वर्धा मार्गावरच आहे आणि विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला आहे. त्यामुळे चांगल्या खेळाडूला पुढची वाट आता दिसू लागली आहे. ॲपवरचा स्कोअर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, त्यावर क्रीडा गुण किंवा नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण मिळत नाही. तरीही प्रशिक्षकासमोर उभ्या राहणाऱ्या खेड्यातल्या मुलाकडे दाखवायला तेवढेच असते. ते चुकीचे असेल तर नुकसान त्याचेच.

चूक होते कुठे?

गावच्या स्पर्धेत फोन बहुधा पाळीची वाट पाहणाऱ्या फलंदाजाच्या हातात असतो. त्याची पाळी आली की फोन दुसऱ्याकडे जातो. या अदलाबदलीत एखादा चेंडू सुटतो. लेगबाय फलंदाजाच्या नावावर चढतो. षटक बदलल्यावर गोलंदाजाचे नाव बदलायचे राहते आणि एकाने घेतलेला बळी दुसऱ्याच्या खात्यात जातो. झेल उडाल्यावर पुढचा चेंडू कोण खेळणार, यावरही गोंधळ होतो. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नियमानुसार धावताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असले, तरी नवा फलंदाजच स्ट्राइकवर येतो. अपवाद षटकाच्या शेवटच्या चेंडूचा. जुन्या सवयीने उलटे लिहिले की पुढच्या धावा भलत्याच्या नावावर जातात. ॲपची बेरीज चुकत नाही. चुकीच्या नोंदीचीही ते बिनचूक बेरीज करते.

नियम काय सांगतो?

एमसीसीच्या नियमावलीतील तिसरा नियम गुणलेखकांविषयी आहे. गुणलेखक दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार एकमेकांशी ताडून पाहाव्यात आणि पंचांच्या प्रत्येक खुणेला प्रतिसाद द्यावा, असे तो सांगतो. चूक तिथल्या तिथे सापडावी आणि एका संघाला दुसऱ्यावर संशय घ्यायला जागा उरू नये, यासाठी ही व्यवस्था. ॲप आल्यावर दुसऱ्या गुणलेखकाची गरजच संपली, असा समज झाला आहे. लिंक शंभर जणांनी पाहिली तरी ती पडताळणी होत नाही. ते सगळे एकाच माणसाने लिहिलेले पाहत असतात.

ताळा कसा जुळवायचा?

पद्धत सोपी आहे. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा म्हणजे संघाची धावसंख्या. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय म्हणजेही तीच धावसंख्या; कारण वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर लागतात, बाय-लेगबाय लागत नाहीत. समजा, फलंदाजांच्या ६२, वाइड ९, नो-बॉल १ आणि बाय ४, म्हणजे एकूण ७६. मग गोलंदाजांच्या नावावर ७२ धावा हव्यात. पेनल्टीच्या धावा असतील तर त्या वेगळ्या धरायच्या. ॲपमध्ये हा ताळा आपोआप जुळतो, म्हणून त्याचा खरा उपयोग वहीसाठी आहे. वहीचा ताळा जुळतो आणि ॲपशी तिचे आकडे मिळत नाहीत, तर कुठल्या षटकात फरक पडला हे लगेच शोधता येते.

मुलांच्या माहितीचे काय?

मुलाचे नाव, छायाचित्र, त्याचा किंवा घरच्यांचा मोबाइल क्रमांक, तो कोणत्या दिवशी कोणत्या मैदानावर असतो, हे सगळे ॲपमधून बाहेर जाऊ शकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि अशा माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची जबाबदारी सांगतो. गावच्या आयोजकाने एवढे तरी करावे : संघ नोंदवतानाच पालकांना विचारावे आणि ज्यांची तयारी नाही त्यांच्या मुलाचा फोटो आणि क्रमांक टाकू नये.

मग करायचे काय?

ॲप बंद करण्याचे कारण नाही. स्कोअर पाहण्याबरोबर लिहिण्याचे कामही वाटून घेतले पाहिजे. एका संघाच्या माणसाकडे फोन, दुसऱ्या संघाच्या माणसाकडे वही. दोघे शेजारी बसलेले आणि दोघेही त्या डावात फलंदाजीला न जाणारे. प्रत्येक षटकाअखेर धावा, बळी आणि गोलंदाजाचे नाव मोठ्याने बोलून जुळवायचे. सामना संपल्यावर दोन्ही कर्णधारांना दाखवून वहीवर सह्या घ्यायच्या आणि मगच ॲपवर सामना पूर्ण करायचा. रेंज गेली किंवा बॅटरी संपली, तरी वही असल्याने सामना अडत नाही. शाळांनी हे काम खेळात रस असलेल्या पण संघात जागा न मिळालेल्या मुला-मुलींना शिकवले, तर पंच आणि गुणलेखकही गावातच तयार होतील. त्यासाठी लागतात एक वही, एक पेन आणि बक्षिसाच्या रकमेतून गुणलेखकासाठी बाजूला काढलेले थोडे मानधन.