भिंतीवरची अक्षरं आणि एक नुक्ता

वणीच्या बाजारात 'विनाइल' म्हणून विचारलंत तर बहुतेक जण तुमच्या तोंडाकडे पाहतील. 'रेडियम' म्हणा, लगेच दुकान दाखवतील. गाडीची नंबर प्लेट, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचं मुलाचं नाव, पिकअपच्या काचेवरचं 'माशाअल्लाह' किंवा 'आईचा आशीर्वाद' जिथे कापून मिळतं, तिथेच आता घराच्या भिंतीवर लावायची अक्षरंही मिळतात. (त्यात रेडियम औषधालाही नसतं. ते असतं पीव्हीसीचं पातळ, मागून चिकट कापड.) लग्नसराई आली की घराला रंग लागतो आणि रंग लागला की दिवाणखान्यात काहीतरी लिहून घ्यायची हौस होते. हौसेला आमची ना नाही. पण काय लिहायचं, कोणत्या लिपीत आणि कुठे, हे दुकानात उभं राहून ठरवू नये असं आम्हाला वाटतं.

आधी नुक्त्याचं बोलू. उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक फक्त एका ठिपक्याचा. तो वर असला तर खुदा, खाली गेला तर जुदा. आता कापणीचं काम कसं चालतं ते पाहा. यंत्राची सुई अक्षराच्या कडेकडेने चरा पाडते, मग कारागीर चिमट्याने नको असलेला भाग ओढून काढतो. या ओढाओढीत सगळ्यात आधी निसटतात ते ठिपके. जेर, जबर, पेश ही चिन्हंही तशीच सुटी. लिपी न येणाऱ्या कारागिराला एक ठिपका गेला हे कळणारच नाही. त्यात त्याचा काय दोष? मराठीतही हेच होतं. अनुस्वार गेला की 'सुखशांती'ची 'सुखशाती' होते. ती निदान दारात आलेला पाहुणा हसून सांगतो. अरबी मजकुरातली चूक मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहू शकते, आणि आयतीच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरी अडचण संगणकातली. मोबाइलवरून अरबी किंवा उर्दू ओळ दुकानदाराला पाठवली आणि त्याच्या प्रोग्रामला ती लिपी झेपली नाही, तर अक्षरं एकमेकांपासून सुटतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी मांडली जातात. दिसायला 'अरबी'च दिसतं, वाचता मात्र काही येत नाही. नस्तालीक तर आणखी नाजूक. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आलं तेव्हा ही तिरकी उतरती लिपी संगणकावर बसवण्यासाठी अक्षरांची हजारो जोडरूपं वेगवेगळी काढावी लागली होती. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका. उर्दू जाणणाऱ्या एखाद्याकडून इनपेजमध्ये बसवून, त्याचं रेषाचित्र करून फाइल द्या. नस्तालीक उजवीकडून डावीकडे खाली उतरत येते, तेव्हा तिला उंचीची जागा लागते. दारावरच्या अरुंद पट्टीत नस्ख बरी बसते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टाळा, ती कडेने उचलली जाते.

देवनागरीचीही एक गोम आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. दुकानदाराने ती जोडून, म्हणजे 'वेल्ड' करून घेतली नाही, तर यंत्र जोडाच्या जागीही चिरत जातं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात.

कापून काढलेल्या अक्षरांची ही कला आपल्याकडे नवी नाही. विजापूरचा इब्राहीम रोजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथल्या खिडक्या आठवत असतील. जाळीच्या जागी दगडात कोरलेली अरबी अक्षरं आणि त्यांच्या फटींतून आत येणारा उजेड. तिथे एक ठिपका चुकला असता तर अख्खी शिळा वाया गेली असती. म्हणून छिन्नी लावण्याआधी किती वेळा वाचलं गेलं असेल! आपणही तेवढं करावं. आधी साध्या कागदावर त्याच मापाची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून वाचून घ्या, शक्य तर मौलानांना दाखवा.

लिपीचा प्रश्न घरातल्या मुलांचाही आहे. आपली कितीतरी मुलं मराठी शाळेत जातात. त्यांना उर्दू अक्षर म्हणजे नक्षी. दादी वाचते आणि नातू बघतो, असं नको. घराचं नाव, आल्यागेल्याचं स्वागत, मुलांच्या खोलीतला एखादा चांगला शब्द सरळ मराठीत लिहावा. उर्दूत हवंच असेल तर खाली मराठीत लहान ओळ द्यावी. यात काही कमीपणा नाही.

आता भिंत. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगराकडून येणारी ओल भिंतीत मुरते, आणि ओल्या भिंतीवर काहीही टिकत नाही. हे काम हिवाळ्यात काढा. रंग लावून तीन-चार आठवडे जाऊ द्या. भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तिथे अक्षर धरणार नाही. खरबरीत टेक्श्चरवरही नाही. चमकत्या गाडीच्या रेडियमऐवजी मॅट आणि काढता येणारा प्रकार मागा. ओळ गवंड्याच्या पाणसळीने आखा, नजरेवर विसंबू नका. अक्षरांवरची ट्रान्सफर टेप काढताना ती भिंतीला समांतर, मागे दुमडून, सावकाश ओढा. ठिपका टेपबरोबर उठला तर पुन्हा दाबून घ्या. दोन माणसं असली तर बरं. एकट्याने तीन फुटांची ओळ लावायला घेतली की ती हमखास स्वतःलाच चिकटते.

आयतींबद्दल आमचं मत वेगळं आहे. सजावट म्हणून त्या भिंतीवर लावणं काही आलिम मुळातच पसंत करत नाहीत. ते आपापल्या मौलानांना विचारावं. पण ज्यांना लावायच्याच आहेत त्यांनी थेट भिंतीवर चिकटवू नयेत. चार वर्षांनी रंग काढायचा म्हटलं की त्या नखाने खरवडाव्या लागतात आणि तुकडे पायाखाली येतात. पीव्हीसी पाण्यात विरघळत नाही, मातीत कुजत नाही. नदीत सोडणं किंवा पुरणं हा उपायही इथे चालत नाही. त्यापेक्षा प्लायवुडच्या किंवा ॲक्रिलिकच्या फळीवर अक्षरं लावा आणि फळी खिळ्याला टांगा. रंगारी आला की उतरवून कपाटात ठेवता येते. भाड्याचं घर सोडताना ती सामानाबरोबर नेताही येते, आणि घरमालकाला भिंतीवर फक्त एक खिळा दिसतो.