लढाई कोणाची, जमीन कोणाची



जोयडा तालुक्याला इतिहासाच्या पुस्तकांत फारशी जागा मिळत नाही. राजधान्या एक तर देशावर होत्या, नाही तर घाटाखाली समुद्राकाठी. मधले आपले रान नेहमी कोणाच्या ना कोणाच्या सरहद्दीवरचे. पण धर्माच्या नावाने पेटलेल्या लढायांनी ज्यांना घरादारावरून उठवले, अशी कितीतरी माणसे याच सह्याद्रीच्या आसऱ्याला आली. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय तोच घेतला आहे. धर्मयुद्ध म्हणून ज्या लढाया आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांत धर्म किती होता, गादी किती होती आणि पैसा किती होता?

सुरुवात उळवीपासूनच करायला हवी. माघातल्या जत्रेला बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्यांच्या रांगा येतात, त्या चेन्नबसवण्णांच्या समाधीसाठी. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बिज्जळ राजा होता आणि बसवण्णा त्याचे भांडारी. परंपरा सांगते की हरळय्या या चांभार शरणाचा, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायाचा, मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याची मुलगी यांचे लग्न शरणांनी लावले. राजाने दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा दिली, मग राजाचाच खून झाला आणि शरणांवर फौज सुटली. चेन्नबसवण्णांबरोबरचा जथा कादरोळी, कक्केरी करत, झुंजत झुंजत उळवीच्या रानात पोचला.

यात धर्म खराच होता. जात मोडून सोयरीक करणे आणि त्यासाठी जीव देणे हे श्रद्धेशिवाय होत नाही. पण बिज्जळाची गादीही कच्ची होती. हा कलचुरी मांडलिक आपल्या चालुक्य धन्याला बाजूला सारून राजा झाला होता आणि अशा राजाला दरबारातल्या प्रतिष्ठितांना दुखवणे परवडत नाही. बसवण्णांनी राजाचा खजिना शरणांवर उधळला अशी कागाळी झाल्याचेही शरणकथाच सांगतात. ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळ गेला, मुलगा सोविदेव आला आणि दोन दशकांच्या आत चालुक्यांनी राज्य परत मिळवले. वीरशैव पुराणांनी ही हकीकत एका तऱ्हेने सांगितली, जैन चरित्रकारांनी दुसऱ्या. कल्याणच्या गुंतागुंतीच्या उलथापालथीला दोन धर्मांच्या झगड्याचे सोपे रूप बरेचसे नंतरच्या सांगणाऱ्यांनी दिले.

त्याच सुमारास पश्चिमेला जेरुसलेमसाठी युद्धे चालली होती. १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने हाक दिली आणि १०९९ मध्ये शहर पडले. या युद्धांना निघालेले सरदार केवळ लुटीसाठी गेले असे म्हणणे सोपे आहे, पण हिशेब तसा जुळत नाही. नॉर्मंडीच्या रॉबर्टने आपला सगळा मुलूख १०,००० मार्क चांदीसाठी भावाकडे गहाण टाकून ही वाट धरली. लुटीच्या आशेवर कोणी घर गहाण टाकत नाही. आता दुसरी बाजू पाहा. चौथ्या धर्मयुद्धात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी जहाजांसाठी ८५,००० मार्कांचा करार केला. सैन्याला ते पैसे फेडता येईनात. तेव्हा ख्रिस्ताच्या नावाने निघालेल्या या फौजेने आधी झारा हे ख्रिस्ती शहर घेतले आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती जगातले सर्वांत श्रीमंत शहर लुटले. शपथ धर्माची होती. फौजेची दिशा कर्जाने ठरवली.

आपल्या घाटाखाली, गोव्यात, हे तिन्ही धागे एकत्र दिसतात. गोवा हे घोड्यांचे बंदर. होर्मुझहून आलेले अरबी घोडे इथे उतरत आणि घाटवाटांनी विजयनगरला आणि विजापूरला जात. ज्याच्या हातात बंदर, त्याच्या हातात शत्रूचे घोडदळ. म्हणूनच १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गवानने ते विजयनगरकडून हिसकावले. आपल्याच जिल्ह्यातल्या भटकळला मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी कत्तल झाल्याचे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या मते कारण एकच: ते बहमनींना घोडे विकत होते. वाचलेले लोक गोव्यात आले. मारले गेलेल्यांचा धर्म लक्षात राहिला, घोडे विसरले गेले.

१५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतला. पोपच्या फर्मानांनी पोर्तुगीज राजाला मूर्तिपूजकांची आणि मुसलमानांची भूमी जिंकण्याचा हक्क आधीच देऊन ठेवला होता. मध्यंतरी हातचे गेलेले शहर २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकल्यावर अल्बुकर्कने तिथल्या मुसलमानांची कत्तल करवली. पण त्याला गोव्यावर चालून जायचा सल्ला दिला होन्नावरच्या तिमय्याने. तो हिंदू होता, आणि पोर्तुगीज अमलात जमीनमहसुलाचा मक्ता त्याच्या हाती आला. अल्बुकर्कने त्या वेळी देवळांना हात लावला नाही, कारण राज्य चालवायला त्याला इथलीच माणसे हवी होती.

देवळे पडली ती नंतर: तिसवाडीत १५४० पासून, सासष्टीत १५६६-६७ च्या सुमारास. यात लाभ नव्हता असे नाही. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे आणि पाद्र्यांच्या संस्थांकडे वळले. पण तेवढ्याने हा काळ समजत नाही. माणसे गाव सोडून गेली, शेते ओस पडू लागली, महसूल बुडू लागला, आणि तरीही धर्मसत्ता मागे हटली नाही. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय, मध्यंतरीच्या खंडासह, १८१२ पर्यंत टिकले. आपले नुकसान करूनही चालत राहिलेल्या या छळामागे धर्माचा खरा हट्ट होता. तो हट्ट मान्य केला नाही तर त्या काळात जे सोसले गेले त्याची खोली कळणार नाही. दुसरीकडे, त्याच राज्यात जकातीचे आणि करांचे मक्ते हिंदू व्यापारी घेत राहिले. मूर्ती चालत नव्हती, मक्तेदार चालत होता.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले. देऊळ मोडल्याचा राग होताच, पण हे गाव करही देत नव्हते. पुढे बोलणी करायच्या बहाण्याने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले, आणि गावच्या जमिनी एका पोर्तुगीज सरदाराच्या घराण्याकडे गेल्या. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. धर्म, कर आणि जमीन, सगळे एकाच गावात.

कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, तेव्हा ही गावे असलेला अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग, आदिलशाहीत होता. पळून आलेल्या हिंदू देवांना मुसलमान सुलतानाच्या मुलखात जागा मिळाली, कारण शेजारच्या राज्याला कसणारे हात आणि राबणारी गावे हवीच होती. ही गोष्ट आपल्या आरत्यांइतकीच मुलांना पाठ असायला हवी.

१६८३ मध्ये फोंड्याच्या किल्ल्यावर आलेला व्हाइसरॉय काउंट आल्व्होर संभाजी महाराजांच्या हातून मागे हटला आणि जुवे बेटाच्या लढाईनंतर संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून त्याने करुणा भाकली. ती करुणा खरी होती. पण त्याच्या याच पोर्तुगीज राज्याने मुघलांशी सलोखा राखला होता आणि गोव्यावरचे संकट टळले ते शहजादा मुअज्जमची फौज कोकणात उतरल्यावर. मग १७६३ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतले. ज्यांच्या राज्यात आपला सुपा मुलूख होता, ते सोंद्याचे राजे जीव वाचवून गोव्यात गेले. पोर्तुगिजांनी त्यांना आश्रय दिला, फोंड्यासह त्यांचा मुलूख ताब्यात घेतला आणि तिथल्या देवळांना व चालीरीतींना धक्का लावणार नाही असे वचन दिले. ज्यांनी दोनशे वर्षांपूर्वी हीच देवळे पळवून लावली होती, त्यांनीच. त्यांचा धर्म बदलला नव्हता. राज्याची गरज बदलली होती.

एवढे पाहिल्यावर आमचे म्हणणे स्पष्ट मांडतो. धर्म हे केवळ ढोंग होते असे म्हणणारे उळवीला पोचलेल्या शरणांचा आणि छळ सोसलेल्या गोमंतकीयांचा अपमान करतात. आणि सगळे धर्मासाठीच झाले असे म्हणणारे मक्तेदार, सावकार आणि जमिनी लाटणारे यांना सुखरूप सोडून देतात. श्रद्धेने माणसे मरायला तयार झाली. कोणाला कधी मारायचे, हे बहुतेक वेळा गादीने आणि तिजोरीने ठरवले. म्हणून कोणतीही जुनी लढाई आपल्यासमोर धर्मयुद्ध म्हणून आली की दोन गोष्टी विचाराव्यात. लढाई संपल्यावर जमीन कोणाच्या नावावर चढली? आणि जे घर सोडून निघाले, त्यांना जागा कोणी दिली? आज मोबाइलवर दर तासाला कोणी तरी पाचशे वर्षांपूर्वीच्या कत्तलीचा सूड मागत असतो. त्याच्याकडे या दोन प्रश्नांची उत्तरे नसतात, आणि त्याची हाक ऐकून रस्त्यावर उतरणारा मुलगा मात्र आपल्याच गावचा असतो. ही काळजी आम्हाला मनापासून वाटते.

या अंकातले लेख, कथा आणि कविता या प्रश्नाभोवती वेगवेगळ्या अंगांनी फिरतात. लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवून घ्यायचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. मराठी, कोंकणी आणि कन्नड एकाच घरात बोलल्या जाणाऱ्या या तालुक्यात एवढी मोकळीक शोभून दिसते.

वाचकांकडे एक मागणे आहे. या दिवाळीत घरातल्या थोरांना विचारा, आपले कुलदैवत मुळात कोणत्या गावचे, ते तिथून का निघाले आणि नव्या गावात त्याला जागा कोणी दिली. उत्तर लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वर्षीचा अंक त्या उत्तरांचा करू.



— संपादक