बडोदेकरांनो, चार थेंब जिभेखाली टाकण्याआधी

बडोदेकरांनो, आज घरी गेलात की औषधांचा डबा उघडा. ड्रॉपरची छोटी गडद बाटली दिसते का बघा. लेबलावर 'सीबीडी' (भांगेच्या झाडातलं एक द्रव्य), 'हेम्प' किंवा 'विजया' (दोन्ही भांगेचीच नावं) असं काहीतरी असेल. कुणी ऑनलाइन मागवलेली, कुणाच्या अमेरिकेतल्या भाच्याने बॅगेतून आणलेली. ''टेन्शनवर गुणकारी आहे गं, चार थेंब टाक जिभेखाली.'' देणाऱ्याची माया खरी असते. पण बाटलीत काय आहे, हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून आधी ती बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे भांगेच्या झाडातली सगळी द्रव्यं, नशा आणणारं टीएचसीसुद्धा. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढून टाकलेला अर्क. 'आयसोलेट' म्हणजे निव्वळ सीबीडी. आणि हेम्पच्या बियांचं तेल हा खाद्यपदार्थ आहे. त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण टीएचसी जास्त झालं तर घाबरलेला जीव शांत होण्याऐवजी आणखी घाबरतो. छातीतली धडधड वाढते.

लेबलावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 2017 साली संशोधकांनी ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली. लेबलावरचा सीबीडीचा आकडा खरा निघाला तो जेमतेम 31 टक्क्यांत. 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं. तुमच्या लेकीच्या जिभेवर पडणारा थेंब यातल्या कुठल्या बाटलीतला? विचारा स्वतःला.

''पण चिंतेवर उपयोग होतो असं संशोधन आहे ना?'' आहे, आणि ते जरूर वाचा. ब्राझीलमध्ये 57 निरोगी पुरुषांना भाषणाच्या चाचणीआधी शुद्ध सीबीडी किंवा नकली औषध दिलं होतं. 2019 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 300 मिलिग्रॅमने भीती कमी झाली. 150 ने नाही, 600 नेही नाही. आता घरची बाटली बघा. 30 मिलिलिटरमध्ये 1000 मिलिग्रॅम असेल, तर पाच थेंबांत येतं साधारण 8 मिलिग्रॅम. कुठे 8, कुठे 300! म्हणून कृपा करून बाटली तोंडाला लावू नका. त्या अभ्यासात प्रत्येकाला मात्रा एकदाच दिली होती, तीही निरोगी माणसांना. महिनोन्महिने त्रास सोसणाऱ्या तुमच्या घरच्या माणसाला किती द्यावं, हे त्यातून कळत नाही.

आणि घरात आधीपासून चालू असलेल्या औषधांचा विचार करा. आजोबा रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेतात? मुलाला फिट्सची गोळी चालू आहे? बहिणीला डिप्रेशनचं औषध आहे? सीबीडी यकृतात यातल्या काही औषधांच्या आड येतं आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढवतं. मोठ्या मात्रेत यकृतालाही इजा होऊ शकते. अमेरिकेत 2018 साली शुद्ध सीबीडीच्या एका औषधाला परवानगी मिळाली, ती फिट्सच्या काही दुर्धर प्रकारांसाठी, चिंतेसाठी नव्हे. तिथेही यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. गरोदर बाईला तर हे देऊच नका.

कायद्याचंही भान ठेवा. आपल्याकडे भांगेचं पान आणि बी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, पण फुलोरा आणि राळ त्या कायद्याखाली येतात. परदेशातलं तेल बऱ्याचदा फुलोऱ्याचंच असतं. भाच्याला सांगा, बाबा, दुसरं काही आण. विजयाचं आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा, चिठ्ठी घ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्यासमोर मांडा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या महिन्यांची. परीक्षा तोंडावर आलेली, मुलगी रात्रभर जागी, सकाळी घशाखाली घास उतरत नाही, आणि घरचे थेंब मोजत बसलेले. अहो, चिंतेच्या आजारावर इलाज आहे! बोलण्याचे उपचार आहेत, वर्षानुवर्षं पारखलेली औषधं आहेत. दुखणारा दात तुम्ही दाखवायला नेता, मग या दुखण्याची लाज का बाळगता?

याच आठवड्यात तिला घेऊन जा. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. सोबत जा, बाहेर बाकावर बसा, हवं तर आत जाऊन तिचा हात धरा. बाटली पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा. लपवू नका, ते रागावणार नाहीत. चालू असलेली गोळी मात्र थेंबांच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.

आणि कुणी ''आता जगावंसं वाटत नाही'' म्हणालं, तर सकाळची वाट बघू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. 14416 फिरवा. टेलिमानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते. नंबर आत्ताच फोनमध्ये टाका, आणि आईच्या फोनमध्येही.