मैदानावर हजर, पटावर गैरहजर

ऑगस्ट महिना उजाडला की कळवा नाक्यावर भल्या सकाळी एक दृश्य हमखास दिसते. पाठीवर क्रमांक छापलेले गणवेश घातलेली दहा-बारा मुले, हातात डब्याच्या पिशव्या, आणि गळ्यात शिटी अडकवून मुलांची पुन्हापुन्हा मोजदाद करणारे एक क्रीडाशिक्षक. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झालेला असतो. खाडीपूल ओलांडून ही मंडळी ठाण्याच्या एखाद्या मैदानाकडे निघतात आणि त्याच वेळी त्यांच्या वर्गात हजेरी सुरू होते. क्रमांक पुकारला जातो, उत्तर येत नाही, आणि पटावर गैरहजेरीची खूण उमटते.

ती खूण उमटवणाऱ्यांपैकी मीही एक होतो. कळव्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे गणित शिकवले. नववीच्या वर्गात एक कबड्डीपटू मुलगी होती. चढाईला निघाली की समोरच्या संघाची साखळी विस्कटत असे. त्या वर्षी आमच्या मुली महापालिका क्षेत्रात पहिल्या आल्या, विभागीय स्पर्धा जिंकल्या आणि राज्य पातळीपर्यंत पोहोचल्या. शाळेत सत्कार झाला, नोटीस बोर्डावर छायाचित्र लागले. दिवाळीपूर्वीच्या सत्र परीक्षेत मात्र तिला गणितात शंभरपैकी एकवीस गुण मिळाले. उत्तरपत्रिका देताना मी चारचौघांत तिला बोललो. तिने मान खाली घालून एवढेच सांगितले, ''सर, बहुपदी तुम्ही शिकवलीत तेव्हा मी विभागाला होते.'' घरी आल्यावर हजेरीपट पाहिला. पहिल्या सत्रातच अठरा दिवस गैरहजर, आणि त्यातला एकही दिवस तिने स्वतःच्या कामासाठी घेतलेला नव्हता. शाळेनेच तिला पाठवले होते!

प्रश्न इथे सुरू होतो. शाळेचे नाव छातीवर लावून जो विद्यार्थी मैदानात उतरतो तो शाळेच्याच कामावर असतो. शिक्षक प्रशिक्षणाला गेले तर त्यांची नोंद कर्तव्यावर अशी होते. विद्यार्थी स्पर्धेला गेला तर तो गैरहजर का ठरावा? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत कठोर भेद नसावा असे सांगते. धोरण दिल्लीत छापले जाते. हजेरीपट कळव्यात लिहिला जातो. दोहोंमध्ये बरेच अंतर आहे. दहावीला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम असल्याने ही खूण निरुपद्रवी नाही. पण उपस्थितीपेक्षाही मोठा प्रश्न हुकलेल्या धड्यांचा आहे, कारण गणितासारखा विषय जिन्यासारखा असतो. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे हुकली, तर दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण त्याच नावाने समोर उभे राहते. त्रिकोणमितीचेही तेच. नववीतील अठरा दिवस दहावीत आपली वसुली करतात.

यावर शासनाचे उत्तर म्हणजे क्रीडा गुण. कामगिरीच्या पातळीनुसार दहावी-बारावीत कमाल पंचवीस गुणांपर्यंत सवलत मिळते. योजना चांगल्या हेतूने आली आणि अनेक मुलांना तिचा आधारही झाला, हे मान्यच आहे. परंतु तिने शाळांना एक सोयीची पळवाटही दिली. ''गुण मिळणारच आहेत ना!'' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकले याची गणती नाही. गुण देऊन निकालाची टक्केवारी वाढते, बहुपदी समजत नाही. अकरावीत विज्ञान शाखेत गेलेल्या खेळाडू मुलांची पहिल्याच चाचणीत जी गाळण उडते तिचे मूळ इथे आहे.

आणि हे दिवस खरोखर खेळण्यातच जातात काय? आपल्या शालेय स्पर्धा प्रायः बाद पद्धतीने होतात. बत्तीस संघ आले तर सोळा संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जाण्यास मोकळे होतात. अर्ध्या तासाच्या खेळासाठी त्या मुलांनी सकाळी सातपासून उन्हात किंवा पावसात ताटकळायचे, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहायची, चिखल झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. आपल्या भागातील कित्येक शाळा दोन सत्रांत भरतात. दुपारच्या सत्रातील शाळांचे सामने सकाळी आणि सकाळच्या सत्रातील शाळांचे दुपारी लावले, तर पहिल्या दोन फेऱ्यांत अनेकांचा वर्ग बुडणारच नाही. शनिवार-रविवार आहेतच. ठाण्याची महापौर वर्षा मॅरेथॉन रविवारी होते आणि तिला शाळकरी मुलांची कमतरता कधी जाणवलेली नाही.

वरच्या पातळीवर दिनदर्शिकेचा पेच अधिक अवघड होतो. महापालिका, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या चढत गेलेला खेळाडू डिसेंबर-जानेवारीत परराज्यात असतो. पुण्याच्या बालेवाडीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या त्याही जानेवारी २०१९ मध्ये. नेमक्या याच काळात शाळांत दहावीच्या पूर्वपरीक्षा असतात. त्यातून २०२४ साली १ मार्चला सुरू झालेली दहावीची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीवर आली. परीक्षा अलीकडे सरकली, स्पर्धा जागच्या जागी राहिल्या; मधल्या मध्ये चिमटा बसला तो खेळाडूला.

इच्छा असेल तर मार्ग निघतो. हरियाणाचा नेमबाज अनिश भानवाला एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा आणि दहावीचा विद्यार्थी होता. हुकलेल्या विषयांची त्याची परीक्षा केंद्रीय मंडळाने स्वतंत्रपणे घेतली, आणि पुढे अशा खेळाडूंसाठी तरतूदही केली. शाळेच्या सत्र परीक्षेला तर मंडळाकडे जाण्याचीही गरज नाही. ती शाळाच घेते, शाळाच तपासते. दहा मुलांसाठी आठ दिवसांनी दुसरी प्रश्नपत्रिका काढणे हे काम कष्टाचे आहे, अशक्य नाही.

आपल्याकडे याहून मोठे घडलेले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. ही कथा आपण क्रीडादिनी मोठ्या अभिमानाने सांगतो आणि सभा संपल्यावर त्याच खेळाडूला 'इतके दिवस कुठे होतास' असे विचारतो. खर्डेकरांनी घर दिले. आपल्याला शाळा सुटल्यानंतरचा एक तास द्यायचा आहे.

शिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, माथ्यावर अशैक्षणिक कामे, आणि निकाल घसरला तर मुख्याध्यापकांपुढे जाब. अशा शिक्षकाने पुन्हा शिकवावे असे म्हणताना माझी जीभ अडखळते. म्हणूनच हे एकेकट्या शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडू नये. वेळापत्रकातच खेळाडूंसाठी भरपाईचा तास असावा आणि तो घेणाऱ्याच्या तासिकांत मोजला जावा.

पालकांचे काय? आपल्या मध्यमवर्गीय घरांत खेळ हा नववीपर्यंतचा पाहुणा असतो. दहावीची पुस्तके आणली की बूट माळ्यावर जातात. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमाच्या दोन मुलांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची भागी रचली, ती आठवण दिवाणखान्यात चघळणारे पालक स्वतःच्या मुलीला मात्र राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीऐवजी क्लासच्या चाचणीला पाठवतात. त्यांना सर्वस्वी दोष देववत नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. ज्याला असे छत्र मिळते त्याची गोष्ट वेगळी. कळव्याच्या चाळीतून किंवा सोसायटीतून जाणाऱ्या मुलीला ना प्रबोधिनी, ना भरपाईचा तास. पालकाने पैज लावायची तरी कशावर?

त्या मुलीने दहावीनंतर कबड्डी सोडली. गणितात ती काठावर उत्तीर्ण झाली. तिची बहुपदी मी शिकवून दिली नाही. तेव्हा सुचलेच नाही. निवृत्तीनंतर आता खारेगावात आमच्या सोसायटीच्या सभागृहात मी आणि माझे एक जुने सहकारी रविवारी सकाळी दोन तास बसतो. स्पर्धेमुळे वर्ग बुडालेल्या कोणत्याही शाळेच्या मुलाने यावे, शुल्क नाही. मागच्या रविवारी पाच जण आले, दोघे खो-खोचे आणि तिघी कबड्डीच्या. नववीच्या बीजगणितापासून सुरुवात केली आहे.