‘आता काय राहिलंय?’ म्हणणाऱ्यांसाठी



आपल्या इंदूरची चार मराठी डोकी जमली, की पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या व्हायच्या आत एक वाक्य येतंच, ‘आता काय राहिलंय?’ पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, वाडे पाडून मल्ट्या उभ्या, नातवंडांना मराठीत विचारा तर हिंदीत उत्तर. खोटं यातलं काहीच नाही. पण राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे ना, तिथून जाताना मला हे वाक्य म्हणवत नाही.

बाईंवर काय गुजरलं बघा. १७५४ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला. १७६६ला सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ला एकुलता एक मुलगा मालेरावही. त्यात दौलत ताब्यात घ्यायला राघोबादादा फौज घेऊन निघालेले. बायकांच्या फौजेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. छानच आहे ती, पण मला त्यांची पत्रं मोठी वाटतात. शिंदे, भोसले, गायकवाड सगळ्यांकडे मदत मागितली, पुण्याला माधवराव पेशव्यांना कळवलं, तुकोजींना फौजेसह क्षिप्रेकाठी पाठवलं. पेशवा सख्ख्या काकाची बाजू घेईल की आपली, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? उत्तराची वाट बघत त्या बसल्या नाहीत. आणि हे ऐन वेळी सुचलेलं नव्हतं बरं का. तोफखाना, दारूगोळा, हिशेब, सगळी कामं मल्हाररावांनी आधीच सुनेच्या हातात दिली होती. शेवटी माधवरावांनी बाईंच्या बाजूनं कौल दिला.

पुढे महेश्वरला त्यांनी विणकर वसवले. दोनशे वर्षांनी ते माग थंडावले, तेव्हा होळकर घराण्यातल्याच रिचर्ड आणि सॅली होळकरांनी ‘रेहवा’ संस्था काढून पुन्हा हात दिला. तेव्हाही माहेश्वरी चालेल याची हमी कोण देणार होतं?

आमच्या मल्टीत दोन काकू दर रविवारी पोरांना मराठी गोष्टी वाचून दाखवतात. पहिल्या दिवशी तीन पोरं आली, त्यातलं एक साबुदाण्याच्या खिचडीसाठी. आता कधी सात, कधी दोन. दोनच असली तरी वाचन होतं. मागच्या खेपेला एकानं विचारलं, ‘आजी, ये ळ कैसे बोलते हैं?’ त्यावर अर्धा तास गेला, गोष्ट राहिली.

तुमच्या माळ्यावर ‘किशोर’चे जुने अंक असतील तर रद्दीत देऊ नका भिया, आमच्याकडे पाठवा. फाटके असले तरी चालतील.