मेंढरे कोण?

परप्रांती नोकरीस आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या तोंडी एक शब्द फार लवकर बसतो. तो शब्द म्हणजे ‘मेंढरे’. अंबत्तूरच्या एखाद्या चित्रगृहापुढे नटाच्या उंच चित्राला दुधाचा अभिषेक होताना दिसला, की तो बाहेर पडलाच! स्वतः विचार न करता दुसऱ्याच्या मागून चालतो तो मेंढरू, हा रूढ अर्थ आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो हा शब्द सदैव दुसऱ्यालाच लावण्याला.

चित्रावर दूध ओतणारा मनुष्य मतही डोळे मिटूनच देतो, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती काय आहे? १९८० च्या जानेवारीत लोकसभेच्या निवडणुकीत तमिळनाडूतील ३९ जागांपैकी अवघ्या २ जागा एम. जी. रामचंद्रन यांच्या पक्षाच्या वाट्यास आल्या. पुढे त्यांचे सरकार बरखास्त झाले. आणि मे महिन्यात त्याच मतदारांनी विधानसभेच्या २३४ पैकी १२९ जागा देऊन त्या पक्षास पुन्हा सत्तेवर बसविले. १९९६ साली तर मुख्यमंत्रिपदी असलेल्या जयललिता स्वतः बर्गूरमध्ये पराभूत झाल्या. दिल्लीसाठी एक आणि मद्रासेसाठी दुसरा कौल देणारा, प्रसंगी आपल्या आराध्यासही घरी बसविणारा हा मतदार जर मेंढरू, तर विचारी कोणास म्हणावे?

उलट २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर गेली, ती प्रामुख्याने दूरध्वनीवरून. त्या काळी दूरध्वनी कोणाच्या घरी असे, हे वाचकांस सांगावयास नको. मुंबईच्या देवळांपुढे वाटी-चमचा घेऊन शिकलेसवरलेले लोकही उभे होते. त्यांना आपण ‘भाविक’ म्हटले!

आणि कचेरीत काय चालते? बैठकीत साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवावयाची आणि बाहेर व्हरांड्यात येऊन त्याच निर्णयास नावे ठेवावयाची. या वृत्तीसाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, ‘नंदीबैल’. मेंढरू कळपात शिरते ते लांडग्याच्या भयाने; त्यात जीव वाचविण्याचे शहाणपण तरी असते. नंदीबैलाला मान डोलवावयास शिकविलेले असते, आणि त्याबद्दल त्याच्या अंगावर झूल घातलेली असते.

‘मेंढरे’ हा शब्द कोशातून काढावा, असे आमचे म्हणणे नाही. ज्या लोकांच्या सेवेसाठी आपण येथे आलो, त्यांच्यावर तो फेकण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पाठीवरची झूल एकदा चाचपून पाहावी, इतकेच.